मेंदूचा फोटो आणि मनाचं निदान : यंत्राची परीक्षा कोणत्या प्रश्नपत्रिकेवर?



विषय तांत्रिक आहे, पण सुरुवात एका प्लास्टिकच्या पिशवीपासून करू. काही महिन्यांपूर्वी आमचं एक व्याख्यान संपल्यावर एक काका मागे थांबले. हातात एमआरआयच्या फिल्म ठेवलेली मोठी पिशवी. चोवीस वर्षांचा मुलगा नोकरी सोडून घरात बसला होता आणि आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असं म्हणत होता. मनोविकारतज्ज्ञांनी औषधं सुरू केली होती आणि थोडा उतारही होता. तरी काकांनी हट्टाने मेंदूचा स्कॅन काढून घेतला. रिपोर्ट आला 'नॉर्मल'. काका म्हणाले, "आनंद व्हायला हवा होता, पण मला रडू आलं. त्याची आत्या म्हणते, बघ, काही झालेलं नाही त्याला, नुसती थेरं आहेत." मग त्यांनी मोबाइलवर एक बातमी दाखवली. एआय आता मेंदूचा स्कॅन पाहून मानसिक आजार ओळखणार, अशी. आणि विचारलं, "हे कुठे करून मिळेल?"

आम्ही डॉक्टर नाही, संख्याशास्त्र शिकवणारी माणसं आहोत. त्या दिवशी घाईत आम्ही उत्तर दिलं, "अजून पाच-दहा वर्षं थांबा, येईलच." आज त्या उत्तराची झाडाझडती घ्यायची आहे, कारण ते चुकलं असं आम्हाला वाटतं.

आधी काकांची बाजू. त्यांची मागणी वेडगळ मुळीच नाही. आपल्या घरांत साखर वाढली तर रिपोर्ट असतो, हाड मोडलं तर एक्स-रे असतो. मनाच्या आजाराला मात्र दाखवण्यासारखा कागद नाही. कागद नाही म्हणून नाटक, आळस, संस्कार कमी पडले, बाहेरचं काहीतरी झालं, असे सगळे अर्थ लावायला नातेवाईक मोकळे. एका फोटोने हे सगळं थांबणार असेल तर तो कुणाला नको असेल?

मग आज तो फोटो काय करतो? मनोविकारतज्ज्ञ कधीकधी स्कॅन काढायला सांगतात, पण मुख्यतः दुसरं काही नाही ना हे बघायला. गाठ, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, फिट्सचं कारण, असं काही. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य रेडिऑलॉजिस्टला फिल्मवर दिसत नाही. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या कार्यगटाने २०१८ मध्ये हाच आढावा घेतला. निष्कर्ष असा की मनोविकारांच्या निदानासाठी प्रत्यक्ष दवाखान्यात वापरावी अशी मेंदूच्या प्रतिमेवरची खूण अजून हाती नाही.

इथे मशीन लर्निंगवाले म्हणतात, माणसाच्या डोळ्याला दिसत नाही म्हणजे नाहीच असं कशावरून? फरक एका जागी मोठा नसेल, हजार जागी थोडाथोडा असेल. स्कॅनचे बारीक चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचा एक आकडा घ्यायचा आणि प्रत्येक स्कॅनवर 'रुग्ण' किंवा 'निरोगी' अशी चिठ्ठी लावायची. काही स्कॅन यंत्राला शिकायला द्यायचे, काही झाकून ठेवायचे. शिकून झालं की झाकलेल्यांवर परीक्षा घ्यायची. तत्त्वतः यात काही खोट नाही. खोट असलीच तर परीक्षा कशी घेतली यात असते. म्हणून आज आपण निकालपत्र बाजूला ठेवून प्रश्नपत्रिका तपासू.

पहिली गोष्ट २०११ ची. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता. तो मेंदूच्या स्कॅनवरून ओळखण्याची 'एडीएचडी-२००' नावाची जागतिक स्पर्धा झाली. आठ केंद्रांवर गोळा केलेले ७७६ मुलामुलींचे आणि तरुणांचे स्कॅन शिकायला दिले आणि आणखी १९७ जणांचे परीक्षेला ठेवले. एकवीस चमू उतरले. मूल निरोगी की एडीएचडी, आणि एडीएचडी असेल तर कुठल्या प्रकारचा, हे सांगायचं होतं. एकूण गुण १९५. विजेता ठरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा चमू, ११९ गुण.

पण त्याहून जास्त, १२४ गुण, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या चमूने मिळवले होते. त्यांना विजेते का केलं नाही? कारण त्यांनी स्कॅन वापरलेच नव्हते! वय, मुलगा की मुलगी, डावखुरा की उजवा, बुद्ध्यांक आणि स्कॅन कुठल्या केंद्रावर काढला, एवढीच माहिती त्यांनी यंत्राला दिली. शाळेच्या दाखल्यावर मावेल एवढी. स्पर्धा स्कॅनची होती, त्यामुळे त्यांना बाद करणं नियमाला धरूनच होतं. पण आपण श्रोते आहोत, परीक्षक नाही. आपण विचारायला हवं की, कोट्यवधींचं यंत्र जे सांगतं ते प्रवेश-अर्जावरून तितकंच किंवा जास्त बरं कळत असेल, तर यंत्र मेंदूत नेमकं काय वाचतं आहे?

विजेत्याच्या निकालाचीही एक आतली बाजू आहे. निरोगी मुलांपैकी ९४ टक्क्यांना त्यांच्या पद्धतीने बरोबर निरोगी म्हटलं. पण एडीएचडी असलेल्यांपैकी ओळखले फक्त २१ टक्के. म्हणजे पाचांतली जवळजवळ चार मुलं निसटली. एकच 'अचूकतेचा आकडा' सांगितला की हे झाकलं जातं.

आता दुसरी गोष्ट, जास्त गंभीर. २०१७ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. मृत्यू, संकट, स्तुती अशा शब्दांचा विचार करताना मेंदूत काय घडतं ते फंक्शनल एमआरआयमध्ये टिपून, आत्महत्येचे विचार मनात असलेली व्यक्ती ओळखता येते, असा दावा होता. अचूकता ९१ टक्के. जगभर बातम्या झाल्या. माणसं किती होती? सतरा आणि सतरा, चौतीस. त्यांतल्या एकतिसांचं उत्तर बरोबर आलं, म्हणून ९१ टक्के.

पुढे व्हर्स्टिनन आणि कोर्डिंग या दोन संशोधकांनी या पद्धतीवर बोट ठेवलं. अनेक शब्दांतले नेमके कुठले शब्द आणि मेंदूतल्या कुठल्या जागा घ्यायच्या, ही निवड ज्या माणसांवर परीक्षा घ्यायची त्यांच्याकडेच बघून झाली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर पेपर आधी फुटला होता. विद्यार्थ्याने मुद्दाम कॉपी केली असं नाही, पण 'अपेक्षित प्रश्नसंच' आणि प्रत्यक्ष पेपर एकच निघाला. २०२३ मध्ये लेखकांनी तो निबंध मागे घेतला. चूक मान्य करणं सोपं नसतं, त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. पण २०१७ च्या बातमीइतकी मोठी बातमी २०२३ मध्ये तुमच्यापैकी किती जणांनी वाचली?

संगणकशास्त्रात या दोषाला 'ओव्हरफिटिंग' म्हणतात. आम्ही वर्गात त्याला सरळ घोकंपट्टी म्हणतो. चौतीस माणसं आणि प्रत्येकाचे हजारो आकडे असले की त्या चौतीस जणांना वेगळं करणारं काहीतरी सूत्र सापडतंच. पस्तिसावा माणूस आला की पंचाईत.

शिवाय, लहान अभ्यासात निकाल खूप हेलकावतो. वीस जणांच्या शंभर परीक्षा घेतल्या तर केवळ योगायोगाने काहींमध्ये ७० टक्के किंवा त्याहून जास्त गुण पडतील. ते छापून येतात, बाकीचे कपाटात राहतात. म्हणून माणसं वाढली की अचूकता वाढायला हवी, ती इथे उलट घसरताना दिसते. २०१८ मध्ये नैराश्य ओळखण्याची अशीच एक स्पर्धा झाली. या वेळी २,२४० जणांचे स्कॅन होते आणि सगळ्यांत चांगला चमू ६५ टक्क्यांच्या आसपास थांबला. २०२२ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी १,८०९ जणांचा अभ्यास 'जामा सायकिअ‍ॅट्री'त प्रसिद्ध केला. मेंदूची रचना, त्यातल्या जोडण्या, कार्य, सगळं तपासलं. नैराश्य असलेल्यांचे आणि नसलेल्यांचे आलेख एकमेकांवर ठेवले तर ८७ ते ९५ टक्के भाग एकमेकांवर पडत होता. त्या एकेका मापावरून निदान करायला गेलं तर अचूकता ५४ ते ५६ टक्के. नाणं उडवलं तर ५० येते.

हीच माणसं मग पुढे गेली. सगळी मापं एकत्र करून लक्षावधी वेगवेगळी मॉडेल्स चालवून पाहिली आणि २०२४ मध्ये निकाल सांगितला. सगळ्यांत वरचा आकडा ६२ टक्के. म्हणजे 'अजून हुशार अल्गोरिदम आणा' हा उपायही त्यांनी मनापासून करून पाहिला. ही टीका बाहेरच्या कुणी केलेली नाही, क्षेत्रातल्याच लोकांनी स्वतःच्या आशेची घेतलेली परीक्षा आहे. आम्हाला तिचा फार आदर वाटतो.

बरं, ज्या अभ्यासांत आकडा मोठा येतो, तिथे सगळाच योगायोग असतो का? नाही. यंत्र कधीकधी खरोखर काहीतरी पकडतं, पण ते 'काहीतरी' आजार असेलच असं नाही. अस्वस्थ किंवा चंचल माणूस स्कॅनरमध्ये जास्त हलतो. ती हालचाल प्रतिमेत उतरते आणि मेंदूतल्या जोडण्यांचे खोटे फरक निर्माण करते, हे २०१२ पासून नीट माहीत आहे. दुसरं, औषधं. माकडांवरच्या प्रयोगात दीर्घकाळ अँटिसायकोटिक औषधं दिल्यावर मेंदूचं वजन सुमारे ८ ते ११ टक्के कमी भरलं होतं. मग दहा वर्षं औषध घेतलेल्या रुग्णाचा मेंदू यंत्राने ओळखला, तर त्याने आजार ओळखला की औषध? तिसरं, स्कॅनर. रुग्ण एका केंद्रावरचे आणि निरोगी दुसऱ्या केंद्रावरचे असतील तर यंत्र केंद्र ओळखायला शिकतं. छातीच्या एक्स-रेवरून न्यूमोनिया ओळखणाऱ्या यंत्राबाबत २०१८ मध्ये हेच दिसलं. कुठल्या रुग्णालयाचा एक्स-रे आहे ते त्याला पक्कं कळत होतं, पण परक्या रुग्णालयात गेल्यावर त्याचे गुण घसरले.

इथे आपल्या देशातल्या एका चांगल्या कामाचा उल्लेख करायलाच हवा. बंगळुरूच्या निम्हान्सचे स्कॅन घेऊन, पुन्हा त्याच अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांच्या साथीने, २०१९ मध्ये स्किझोफ्रेनियावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ८१ रुग्ण आणि ९३ निरोगी. यातले रुग्ण असे होते की ज्यांनी अजून आजारावरचं औषध घेतलंच नव्हतं. म्हणजे औषधाची शंका मुळातच काढून टाकली. असे रुग्ण मिळवणं किती कठीण असतं ते दवाखान्यात काम करणाऱ्यांना विचारा. अचूकता आली ८७ टक्के. सगळ्यांनाच 'निरोगी' म्हटलं असतं तर ५३ टक्के आली असती, तेव्हा ही मजल लहान नाही.

मग आमची तक्रार काय? तक्रार त्या अभ्यासाबद्दल नाहीच. ८७ हा आकडा बातमीतून काकांच्या मोबाइलवर पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदलतो, ही तक्रार आहे. परीक्षेतला प्रश्न होता, 'हा पक्का रुग्ण की पक्का निरोगी?' ओपीडीत असा प्रश्न कुणी विचारत नाही. पक्का निरोगी माणूस तिथे येऊन बसतच नाही. तिथला प्रश्न असतो, हा स्किझोफ्रेनिया, बायपोलर की नशेचा परिणाम? हे नैराश्य की थायरॉइड? की नवरा गेल्यानंतरचं साधं, माणसाचं दुःख? ज्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरला आधीच माहीत होतं, त्यात यंत्र पहिल्या श्रेणीत आलं. जो प्रश्न डॉक्टरलाही अडतो, तो पेपरात नव्हता.

समजा हेच यंत्र उद्या सरसकट तपासणीला लावलं. एक तोंडी हिशेब करू. हजार तरुण घ्या. त्यांतल्या दहा जणांना आजार आहे असं धरा. यंत्र दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक, आजच्यापेक्षा बरंच चांगलं. दहांतले नऊ ते पकडेल. उरलेले ९९० निरोगी, त्यांतल्या दहा टक्क्यांना, म्हणजे ९९ जणांना, ते चुकून रुग्ण म्हणेल. एकूण ठपका बसला १०८ जणांवर, खरे आजारी त्यांतले नऊ. बारांत एकच की हो! उरलेल्या ९९ मुलामुलींच्या हातात तो कागद पडेल, त्यांच्या लग्नाचं, नोकरीचं काय होईल, हे या सभागृहात वेगळं सांगायला नको.

आणि आता सगळ्यांत मूळचा मुद्दा. यंत्राला शिकवताना 'रुग्ण' ही चिठ्ठी लावतं कोण? मनोविकारतज्ज्ञच. अमेरिकेत डीएसएम-५ ही निदानपुस्तिका तयार करताना एक चाचणी झाली. एकाच रुग्णाला दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं भेटायचं आणि स्वतंत्र निदान करायचं. त्यांचं एकमत मोजायला 'कप्पा' नावाचं माप वापरतात. पूर्ण एकमत म्हणजे १ आणि निव्वळ योगायोग म्हणजे शून्य. प्रमुख नैराश्यासाठी हा कप्पा आला ०.२८. म्हणजे शिक्षकांचंच उत्तरांवर पुरेसं एकमत नाही आणि आपण विद्यार्थ्याकडून शंभर टक्के मागतो आहोत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? यावरून नैराश्य खोटं ठरत नाही. 'नैराश्य' या एका शब्दात बहुधा अनेक वेगळे आजार कोंबलेले आहेत, एवढंच कळतं. त्यामुळे एक नाव, एक फोटो, असं गणित जुळत नाही.

(इथे श्रोत्यांमधून एक चिठ्ठी आली.) प्रश्न असा आहे : "डॉक्टरही चुकतात आणि आपल्याकडे मनोविकारतज्ज्ञ आहेत कुठे? मग यंत्राची थोडी चूक चालवून का घेऊ नये?"

प्रश्न रास्त आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे वेगवेगळ्या मनोविकारांमध्ये ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाहीत. पण बघा, तालुक्याच्या गावात मनोविकारतज्ज्ञ नसतो, तिथे एमआरआय यंत्र, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि अखंड वीज कुठून येणार? यंत्र येईल ते जिथे डॉक्टर आधीच आहेत त्या शहरात. शिवाय डॉक्टर चुकला तर पुढच्या भेटीत तो निदान बदलतो, घरच्यांना विचारतो, औषधाचा परिणाम बघतो. चुकण्याची वाट त्याने मोकळी ठेवलेली असते. छापील रिपोर्ट स्वतःला दुरुस्त करत नाही.

या छापील कागदाचा दरारा काय असतो ते पुण्याने पाहिलं आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयात एका खुनाच्या खटल्यात मेंदूतल्या विद्युतलहरींच्या 'बीईओएस' चाचणीचा अहवाल इतर पुराव्यांबरोबर ग्राह्य धरला गेला आणि शिक्षा झाली. ती चाचणी स्कॅनची नव्हती आणि आजाराच्या निदानाचीही नव्हती. पण 'मेंदूच बोलला' म्हटल्यावर माणसाचं बोलणं कसं मागे पडतं, ते तिथे दिसलं. पुढे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या सक्तीने करणं घटनाबाह्य ठरवलं. उद्या घटस्फोटाच्या, मालमत्तेच्या, विम्याच्या दाव्यात कुणी मेंदूचा एआय रिपोर्ट पुढे केला तर काय, याचा विचार आजच व्हायला हवा.

मग हे संशोधन बंद करावं का? अजिबात नाही. आमचं म्हणणं एवढंच की पेपर बदला. 'आजार आहे का' याऐवजी 'या रुग्णाला यांपैकी कुठलं औषध लागू पडेल' हा प्रश्न विचारा. आज रुग्णाचे महिनोन्महिने एकामागून एक औषध बदलण्यात जातात. तिथे यंत्राने थोडी जरी मदत केली तरी मोठं काम होईल. अर्थात तिथेही परीक्षा कडकच हवी. २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या एका अभ्यासात स्किझोफ्रेनियाच्या औषधांचा परिणाम वर्तवणारी मॉडेल्स ज्या चाचणीवर शिकली तिथे छान चालली, नव्या चाचणीत मात्र योगायोगाच्या पलीकडे गेली नाहीत. तिथे स्कॅन नव्हते, रुग्णाचीच माहिती होती, पण धडा तोच.

म्हणून पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा चार गोष्टी बघा. माणसं किती होती? परीक्षा परक्या रुग्णालयात झाली का? तुलना निरोगी माणसाशी होती की दुसऱ्या आजाराशी? आणि स्कॅनशिवाय, नुसत्या वय-शिक्षणासारख्या साध्या माहितीवर किती गुण पडले असते? यांतलं एकही बातमीत नसेल तर टक्केवारी वाचून पान उलटा.

आता काकांकडे परत येऊ. 'थांबा, येईलच' हे आमचं उत्तर का चुकलं? कारण त्यात आम्ही आत्याबाईंचंच म्हणणं नकळत मान्य केलं होतं, की फोटोत दिसेपर्यंत मुलाचा आजार सिद्ध व्हायचा आहे. तसं नाही. 'नॉर्मल' रिपोर्टचा अर्थ एवढाच की गाठ नाही, रक्तस्राव नाही. त्या मुलाचं निदान त्याच्या बोलण्यावर, झोपेवर, महिनोन्महिन्यांच्या वागण्यावर आणि औषधाने पडलेल्या फरकावर उभं आहे, आणि आज उपलब्ध असलेला भक्कम पुरावा तोच आहे. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवर करायला सांगतो, त्याला फोटो लागत नाही.

काका आज इथे आलेत की नाही ठाऊक नाही. आले असतील तर व्याख्यान संपल्यावर थांबा. आत्याबाईंना काय सांगायचं ते या वेळी नीट बोलू.